नव्या राउटरच्या वॅन पानावर काय भरायचं? डायनॅमिक, स्टॅटिक की पीपीपीओई (फायबर, नागपूर)

बेसा_रोड | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बेसा भागात दुमजली घर आहे. फायबर लोकल ऑपरेटरचं, त्याचा पांढरा डबा खाली दाराजवळच्या कोपऱ्यात. वर माझ्या खोलीत वायफाय नुसतं नावाला पोचते. म्हणून बर्डीवरून वेगळा राउटर आणला, लॅनची तार वरपर्यंत ओढून घेतली, आणि डब्याच्या लॅन १ मधून राउटरच्या निळ्या वॅन सॉकेटला (बाहेरचं नेट आत येते ते) जोडली.

पान उघडलं तर वॅनखाली पाच पर्याय: डायनॅमिक आयपी, स्टॅटिक आयपी, पीपीपीओई, एल२टीपी, पीपीटीपी. लाईनमनला फोन केला तर म्हणे, "ऑटो डिटेक्ट दाबा ना भाऊ, होऊन जाते." दाबलं. त्यानं डायनॅमिक निवडलं, पण नेट काही येऊन नाही राहिलं. वरून १९२.१६८.१.१ टाकलं की कधी डब्याचं पान उघडते, कधी राउटरचं.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. मिहानमधल्या ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) घरून नीट चालावं, आणि भावाला पुण्याहून घरचे कॅमेरे दिसावे. आई-बाबा दिवसभर दोघंच असतात.

तर्रीपोहे | शनिवार, रात्री ९:२२

राउटर एपी मोडवर (नुसतं वायफाय पसरवणारा) टाका अन् मोकळे व्हा. वॅनच्या भानगडीत पडता काऊन?

तारेवरचा_कावळा | शनिवार, रात्री १०:०५

तर्रीभाऊंचं उत्तर दहातल्या आठ घरांना पुरतं, हे आधीच कबूल करतो. पण बेसा_रोड भाऊंना कॅमेरे बाहेरून बघायचे आहेत, म्हणून जरा सविस्तर.

आधी ते दोन पानांचं भांडण. तुमच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि नव्या राउटरचा पत्ताही तोच. राउटरला वॅनकडून १९२.१६८.१.५ असा काहीतरी पत्ता मिळतो आणि त्याच्या लॅनवरही १९२.१६८.१ हीच मालिका. आता १९२.१६८.१.१ म्हणजे वरचा की खालचा, हे त्यानं ठरवायचं कसं? काही राउटर हे ओळखून स्वतःची मालिका आपोआप बदलतात, तुमचा दिसत नाही. वॅनची तार काढा, लॅन सेटिंगमध्ये जाऊन राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा, रीस्टार्ट होऊ द्या, मग तार लावा. डायनॅमिकवर नेट तिथेच सुरू होईल.

आता मूळ प्रश्न. वॅन टाइप तुमच्या किंवा माझ्या आवडीनं निवडायचा नसतो. तुमच्या ऑपरेटरकडे डायल कोण करतंय, यावर तो ठरतो. तुमच्या पांढऱ्या डब्यात (ओएनटी म्हणतात त्याला) दोन कामं चालतात. एक, काचेच्या तारेतला उजेड वाचणं. दोन, युजरनेम-पासवर्ड टाकून ऑपरेटरच्या सर्व्हरशी पीपीपीओईनं जोडणी करणं. दुसरं काम डबाच करत असेल तर तुमच्या राउटरला डायनॅमिकच (आपोआप पत्ता मिळणारं) लागणार. डबा ब्रिज मोडवर असेल तर तो फक्त उजेड वाचून पुढे ढकलतो आणि डायल राउटरला करावं लागतं, तेव्हा पीपीपीओई. काही ऑपरेटर पासवर्ड ठेवतच नाहीत, थेट डीएचसीपीनं (आपोआप पत्ते वाटायच्या सोयीनं) पत्ता देतात, तिथे ब्रिजमागेही डायनॅमिकच. स्टॅटिक, म्हणजे कायमचा ठरलेला पत्ता, फक्त ज्यांनी विकत घेतलाय त्यांना. एल२टीपी, पीपीटीपी या भागात कोणी दिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, ते विसरा.

आधी डब्याच्या पानावर वॅनची यादी बघून सांगा काय काय दिसतं. काही बदलू नका, नुसते फोटो काढून ठेवा.

मास्तर_महाल | शनिवार, रात्री १०:३१

एक शंका. माझ्याकडे बीएसएनएलच्या डेटावन ब्रॉडबँडच्या काळातला जुना मोडेम आहे, टेलिफोनच्या तारेचं छोटं सॉकेट असलेला. त्यात व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ भरल्याचं अजून पाठ आहे. हे आकडे आता कुठे भरायचे? आमच्याकडेही आता फायबर आलं आहे.

तारेवरचा_कावळा | शनिवार, रात्री १०:४०

मास्तर, ते आकडे तांब्याच्या तारेवरच्या एडीएसएलचे. फायबरमध्ये त्यांची गरजच नाही. तुलना करायचीच तर त्यांच्या जागी आता व्हीलॅन आयडी (एकाच तारेतल्या वेगवेगळ्या सेवा ओळखायचा शिक्का) आला, १ ते ४०९४ मधला कुठलाही आकडा, आणि तो ऑपरेटरच सांगू शकतो. मोडेम टाकू नका मात्र, त्याचा उपयोग सांगतो नंतर.

बेसा_रोड | रविवार, सकाळी ८:१५

लॅनचा पत्ता बदलला, नेट सुरू. धन्यवाद! आता डब्याच्या पानावर वॅनच्या यादीत तीन ओळी दिसून राहिल्या. एकीच्या नावात टीआर०६९, दुसरीत इंटरनेट, तिसरीत व्हीओआयपी. तिघींचे व्हीलॅन वेगवेगळे. इंटरनेटवालीत "रूट, पीपीपीओई" लिहिलंय, युजरनेम दिसते, पासवर्डच्या जागी टिंबं.

तारेवरचा_कावळा | रविवार, सकाळी ९:०२

म्हणजे डायल डबाच करतोय. आता तुम्ही जसं जोडलंय त्यात पत्त्यांची अदलाबदल (नॅट) दोनदा होते, एकदा राउटरमध्ये आणि परत डब्यात. यूट्यूब, व्हॉट्सॲप, बँका, सगळं चालेल. बाहेरून आत यायचं असेल तर मात्र दोन दारं उघडावी लागतात.

ब्रिज करायचं तर ऑपरेटरकडूनच करून घ्या. बहुतेक ठिकाणी ग्राहकाच्या लॉगिनला ती परवानगीच नसते. तीन गोष्टी लक्षात असू द्या:

टीआर०६९ ही ऑपरेटरची दुरून देखभालीची वाट, व्हीओआयपी तुमचा लँडलाईन. या दोन ओळींना हात लावायचा नाही. लाईनमननं घाईत तिन्ही उडवल्या तर लँडलाईन मुका होतो. बदल फक्त इंटरनेटवाल्या ओळीत.

पासवर्ड आधी मागून घ्या. टिंबांमागचा उकरत बसू नका, ऑपरेटर नवा करून देतो.

आणि डब्याच्या मागच्या भोकात टाचणी खुपसायची नाही. घरच्या राउटरला रीसेट केलं तर तुम्हीच भरलेल्या सेटिंग जातात, त्या परत भरता येतात. ओएनटी रीसेट झाला तर व्हीलॅन, युजरनेम, कधी कधी ओळख पटवायचा आयडीसुद्धा जातो, आणि मग लाईनमन येईस्तोवर घर ऑफलाईन.

इतवारी_गाळा | रविवार, सकाळी ११:४८

आमच्याकडे दुकानात स्टॅटिक आहे, बिलिंगचं सर्व्हर बाहेरून लागते म्हणून. ऑपरेटरनं चार आकडे लिहून दिले होते: आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस. मास्क २५५.२५५.२५५.२५२ आहे. पोरानं नवीन राउटर लावताना सवयीनं २५५.२५५.२५५.० भरलं, तरी चालून राहिलं. मग बरोबर-चूक काय फरक पडते?

तारेवरचा_कावळा | रविवार, दुपारी १२:२०

पडतो भाऊ, उशिरा पडतो. समजा तुम्हाला २०३.०.११३.१० दिला आणि गेटवे २०३.०.११३.९ (हा पट्टा जगात फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलाय, कोणाचा खरा पत्ता नाही). २५२ चा मास्क म्हणजे चार पत्त्यांचा तुकडा, ८ ते ११. त्यात कामाचे दोनच, ९ ऑपरेटरचा आणि १० तुमचा. तुम्ही ० भरला की राउटरला वाटतं २०३.०.११३ मालिकेतले सगळे अडीचशे आपल्याच गल्लीत राहतात, त्यांना गेटवेतून पाठवायची गरज नाही. त्या मालिकेत तुमचा एखादा गिऱ्हाईक निघाला की फक्त त्याच्याशीच बोलणं होणार नाही, बाकी जग चालू. असा दोष शोधायला आठवडा जातो. आजच बदलून टाका.

इतवारी_गाळा | रविवार, दुपारी १२:२६

बाप्पा! कामठी रोडवरच्या एका पार्टीचंच लागत नाही आमच्याकडून, त्यांचाही ऑपरेटर हाच आहे. आत्ताच पाहतो.

बेसा_रोड | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

लाईनमन येऊन ब्रिज करून गेला. राउटरवर पीपीपीओई निवडून युजरनेम-पासवर्ड भरला. जोडतच नाही. लॉगमध्ये सारखं "पीएडीआय सेंट, नो पीएडीओ" अशी ओळ येऊन राहिली. पासवर्ड चुकीचा दिला का यानं?

तारेवरचा_कावळा | मंगळवार, रात्री ८:०५

पासवर्डपर्यंत गाडी पोचलीच नाही अजून. पीपीपीओईत राउटर आधी हाक मारतो, "कोणी सर्व्हर आहे का?" ती पीएडीआय. सर्व्हर ओ देतो ती पीएडीओ. मग राउटर विनंती करतो, सर्व्हर सेशनचा नंबर देतो, आणि त्यानंतर कुठे युजरनेम-पासवर्ड विचारला जातो. तुमच्या हाकेलाच ओ नाही. म्हणजे गोंधळ तारेत, व्हीलॅनमध्ये किंवा ब्रिजमध्ये. पासवर्ड चुकला असता किंवा प्लॅन संपला असता तर लॉगमध्ये "ऑथेंटिकेशन फेल्ड" आलं असतं.

डब्याच्या पानावर ब्रिजवाल्या ओळीखाली "पोर्ट बाइंडिंग" शोधा. लॅन १ ते ४ च्या चौकटी असतील, टिक कशावर आहे? आणि राउटरवर व्हीलॅन भरलाय का? भरला असेल तर काढा. ब्रिजमध्ये तो शिक्का सहसा डबाच मारतो. राउटरनंही मारला तर पाकिटावर दोन शिक्के पडतात आणि ते कुठेच पोचत नाही.

बेसा_रोड | मंगळवार, रात्री ८:३१

टिक लॅन २ वर होती, तार लॅन १ मध्ये. व्हीलॅन कोराच आहे. तार २ मध्ये लावली, आता हाकेला ओ मिळाली पण पुढे "सेशन ऑलरेडी ॲक्टिव्ह" म्हणून नकार.

रात्रपाळी_हिंगणा | मंगळवार, रात्री ८:४०

हे माझ्याकडेही झालं होतं. सर्व्हरला वाटते जुना डबाच अजून जोडलेला आहे. दोन्ही बंद करून जेवून घ्या, मग चालू करा. तरी नाहीच झालं तर ऑपरेटरनं जुना मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) बांधून ठेवलेला असते, तो सोडायला सांगा. नाहीतर राउटरमध्ये मॅक क्लोन असते, तिथे जुना मॅक भरा. पण डब्याच्या स्टिकरवरचा मॅक घेऊ नका, वॅनचा वेगळा असू शकतो. तुम्ही आधी फोटो काढले ना, त्यात पहा.

बेसा_रोड | मंगळवार, रात्री १०:१२

जेवण झालं, नेट पण झालं. क्लोनची गरज पडली नाही. स्पीड पूर्ण. पण एक नवीनच भानगड. काही साईट खटकन उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात. ऑफिसचं व्हीपीएन जोडते, पण फाइल उघडली की गोल फिरतच राहते.

तर्रीपोहे | मंगळवार, रात्री १०:१५

एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४०० करा. विषय खल्लास.

धंतोलीकरीण | मंगळवार, रात्री १०:४४

विषय तिथे खल्लास होत नाही, तर्रीभाऊ, फक्त प्रत्येक पाकीट उगाच लहान होतं. मोजून भरायला दोन मिनिटं लागतात.

साध्या इथरनेटवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओईचं वेष्टण त्यातले ८ खातं, सहा त्याचे आणि दोन पीपीपीचे, म्हणून उरतात १४९२. राउटरवर १५०० भरलेलं असेल आणि समोरचा सर्व्हर मोठं पाकीट घेत नसेल तर छोटी पाकिटं जातात, मोठी वाटेत पडतात. "पाकीट मोठं आहे, लहान करा" असा निरोप उलट यायला हवा, पण तो निरोप अडवणारी फायरवॉल वाटेत कुठेतरी असतेच. म्हणून लॉगिनचं पान दिसतं आणि पुढे गोल फिरतं. मी व्हीपीएनवरच दिवस काढते, हे चित्र ओळखीचं आहे.

विंडोजच्या काळ्या खिडकीत हे टाका (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत): पिंग -एफ -एल १४६४ ८.८.८.८. उत्तर आलं तर तुमचा एमटीयू १४९२ बरोबर, कारण १४६४ मध्ये २८ बाइट शीर्षकांचे मिळवायचे असतात. पाकिटाचे तुकडे करावे लागतील असा इशारा आला तर आकडा थोडा थोडा उतरवत जा. ज्या आकड्याला पहिल्यांदा उत्तर येईल, त्यात २८ मिळवून राउटरमध्ये भरा. एमएसएस (पाकिटातल्या नुसत्या मजकुराचा आकार) वेगळा विचारला तर एमटीयूतून ४० वजा.

रात्रपाळी_हिंगणा | मंगळवार, रात्री ११:०२

पीपीपीओईवरही पूर्ण १५०० मिळू शकते ना? आरएफसी ४६३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे ते.

धंतोलीकरीण | मंगळवार, रात्री ११:१०

आहे, पण वाटेतल्या प्रत्येक डब्यानं १५०८ ची पाकिटं झेलली पाहिजेत आणि सर्व्हरनंही मान्य केलं पाहिजे. आठ बाइटसाठी ऑपरेटरशी वाद घालायची हौस असेल तर जरूर.

बेसा_रोड | बुधवार, सकाळी ७:४०

ताई, राउटरवर खरंच १५०० होतं. १४६४ ला उत्तर आलं, म्हणून १४९२ भरलं. व्हीपीएनच्या फाइली झरझर उघडून राहिल्या. आता कॅमेऱ्याचं. पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली हाक कॅमेऱ्याकडे वळवणं) केलं, भावानं पुण्याहून पाहिलं, काहीच नाही. राउटरच्या स्टेटसवर वॅन आयपी १००.७२ नं सुरू होणारा दिसते.

तारेवरचा_कावळा | बुधवार, सकाळी ८:५५

मग पोर्ट फॉरवर्डला काही अर्थ नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास ऑपरेटरांच्या आतल्या वापरासाठी ठरवून दिलाय. सीजीनॅट म्हणतात. जुने आयपीव्ही४ पत्ते आशियात २०११ मध्येच शेवटच्या साठ्यावर आले, म्हणून ऑपरेटर एका खऱ्या पत्त्यामागे कितीतरी घरं बसवतात. वॅन आयपी १० नं किंवा १९२.१६८ नं सुरू झाला तरी हेच समजायचं. तुमचं दार तुम्ही उघडलंत, पण इमारतीचं फाटक ऑपरेटरकडे आहे.

वाटा तीन. ऑपरेटरकडून पब्लिक आयपी विकत घ्या. किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप वापरा, त्यात कॅमेरा आतून बाहेर जोडतो, त्यामुळे फाटकाचा प्रश्न येत नाही. किंवा आयपीव्ही६ (नव्या, लांबलचक पत्त्यांची पद्धत) बघा. फक्त कॅमेऱ्यासाठी मी ॲपच वापरीन, पासवर्ड बदलून.

उपराजधानी | बुधवार, सकाळी ९:२०

म्हणजे ब्रिज केलं नसतं तरी चाललं असतं, ॲप तर एपी मोडवरही चालते 😄

तारेवरचा_कावळा | बुधवार, सकाळी ९:२८

कॅमेऱ्यापुरतं, हो. म्हणूनच वॅन आयपी आधी डब्याच्या स्टेटसवर बघायला हवा होता, ते विचारायचं माझ्याकडून राहिलं. व्हीपीएन, व्हीलॅन, स्वतःचा फायरवॉल, यासाठी ब्रिज बरा. नुसतं वायफाय वर पोचवायचं असेल तर तर्रीभाऊंचा एपी मोड.

तर्रीपोहे | बुधवार, सकाळी ९:३०

लिहून ठेवा रे कोणीतरी हे.

बेसा_रोड | बुधवार, रात्री ९:०५

ॲपवर कॅमेरे दिसले, भाऊ खूश. पब्लिक आयपी नाही घेत. आयपीव्ही६ चं पान मात्र उघडून पाहिलं, तिथे पण वॅन टाइप विचारते!

रात्रपाळी_हिंगणा | बुधवार, रात्री ११:३५

पीपीपीओईच निवडा आणि "आयपीव्ही४ चंच सेशन वापरा" अशी टिक असेल ती मारा. प्रीफिक्स डेलिगेशन चालू ठेवा. त्याशिवाय फक्त राउटरला पत्ता मिळते, मोबाईल-लॅपटॉप कोरे राहतात. लॅपटॉपवर २ नं सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला की झालं. एफई८० वाला दिसला तर तो घरातल्या घरातला, त्याला मोजू नका. आयपीव्ही६ चा फायरवॉल बंद करायचा नाही, तिथे नॅटचा आडोसा नसते.

आणि सगळ्यांनाच सांगतो, वॅनकडून राउटरचं पान उघडायची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद ठेवा.

मास्तर_महाल | गुरुवार, सकाळी ७:१०

माझी अडचण निराळी. दुपारी कूलर लावला की नेट जातं, थोड्या वेळानं आपोआप येतं. ऑपरेटर म्हणतो, वॅन सेटिंग पुन्हा भरा. कूलरचा आणि वॅनचा काय संबंध?

तारेवरचा_कावळा | गुरुवार, सकाळी ९:४०

मास्तर, स्टेटसच्या पानावर दोन वेळा दिसतात. सिस्टिम अपटाइम, म्हणजे डबा किती वेळ चालू आहे, आणि वॅन अपटाइम, म्हणजे जोडणी किती वेळ टिकली आहे. नेट गेल्यावर लगेच बघा. दोन्ही शून्यापासून सुरू झाल्या असतील तर डबाच बंद पडून उठलाय, म्हणजे विजेचा दोष. कूलरची मोटर आणि पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसतं, मरतुकडा ॲडाप्टर तेवढ्यात मान टाकतो. कूलर वेगळ्या बोर्डवर घ्या, ॲडाप्टर बदला. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावलात तर वीज गेली तरी नेट राहतं.

फक्त वॅन अपटाइम शून्य झाला असेल तर दोष लाईनीत. आधी "ऑन डिमांड" निवडलेलं नाही ना ते बघा. तासावर पैसे मोजायच्या काळातला तो पर्याय, नेट कोणी वापरत नसलं की जोडणी तोडतो. तिथे ऑटो हवं. मग ऑप्टिकल पॉवर (डब्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाची ताकद) बघा. नेहमीच्या जीपॉन (फायबरच्या) डब्याला उणे ८ ते उणे २७ च्या मधला आकडा चालतो, उणे २५-२६ दिसला तर काठावर आहात. कपाटामागे काचेची तार मुडपली असेल, किंवा सिमेंट रोडच्या खोदकामात कुठेतरी ओढली गेली असेल. लाल एलओएस दिवा (उजेड पोचत नसल्याची खूण) लुकलुकत असेल तर वॅनचं पान उघडूच नका, तिथे भरण्यासारखं काही नसतं. आणि तारेच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही.

डबा कुठे ठेवलाय? टिनाखालच्या माळ्यावर असेल तर खाली आणा. घरगुती राउटर बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर.

मास्तर_महाल | शुक्रवार, दुपारी ३:२५

दोन्ही वेळा शून्य झाल्या. डबा माळ्यावरच होता, खाली आणला. कूलर दुसऱ्या बोर्डवर घेतला. दुपारपासून गेलं नाही अजून. तुम्ही त्या जुन्या मोडेमचं सांगणार होतात.

तारेवरचा_कावळा | शुक्रवार, संध्याकाळी ६:००

हो. त्याच्या लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२५० करा, डीएचसीपी बंद करा, आणि डब्याच्या लॅनमधून तार त्याच्या लॅन सॉकेटलाच लावा. टेलिफोनचं सॉकेट रिकामं राहू द्या. मागच्या खोलीपुरतं वायफाय देईल. वेग जुन्या काळचाच मिळणार, पण भजनं ऐकायला भरपूर.

मास्तर_महाल | शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

भजनं नाही हो, सौ. मालिका बघतात. डीएचसीपी कोणत्या पानावर असतं?

तारेवरचा_कावळा | शुक्रवार, संध्याकाळी ६:२४

लॅनच्या. आधी पत्ता बदला, मग ते बंद करा.